घुबडाची पिल्ले : घरट्यातील दोन महिने

पाळीसारख्या गावात जुन्या कौलारू घराच्या माळ्यावरून रात्री घोरल्यासारखा आवाज येऊ लागला की वडीलधारी माणसे देवचाराचे नाव घेतात. पुष्कळदा तो गव्हाणी घुबडाच्या भुकेल्या पिल्लांचा असतो. या पिल्लांच्या वाढीविषयी मी आज बोलणार आहे. कारण ती वाढ न कळल्यामुळेच त्यांतली कित्येक हकनाक मारली जातात.

मादी सगळी अंडी एकदम घालीत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे सुमारे ३० दिवसांनी पिल्लेही त्याच अंतराने बाहेर येतात. पाच-सहा भावंडांत थोरल्या-धाकट्यांत दहा-बारा दिवसांचा फरक पडतो. धाकटे रोगट नसते, उशिरा जन्मलेले असते. उंदीर मुबलक असले तर सारी जगतात. टंचाई पडली की धाकटे आधी जाते. सर्वांनी अर्धपोटी मरण्यापेक्षा काहींनी तरी जगावे, असा हा निसर्गाचा कठोर हिशेब आहे. तरी नुसती ओरबाड चालते असेही नव्हे. स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांद्र रूलँ यांना असे आढळले की, आईबाप बाहेर असताना पिल्ले आवाजांनी आपापली भूक एकमेकांस कळवितात. कधी थोरले आपला घास धाकट्याला भरविते.

जन्मतः पिल्लू आंधळे असते, अंगावर विरळ पांढरी लव. बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. पुढे दाट, लोकरीसारखी दुसरी लव येते, पिल्लू स्वतःची ऊब स्वतः राखू लागते आणि मादीलाही शिकारीस जाण्याची मोकळीक मिळते. सहाव्या आठवड्याच्या आसपास त्याचे वजन आईबापांहूनही अधिक भरते. मग ते उतरते. ही उपासमार नव्हे. पिसे पक्की होत असतात आणि उडणाऱ्याला जादा भार परवडत नाही. लवीतून हृदयाकृती चेहरा उमटतो तोही याच दिवसांत. आठव्या-नवव्या आठवड्यात पहिले उड्डाण.

सरद किंवा वायंगण शेतात उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले, तर सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि ते विष पिल्लांच्या पोटी जाते.

पहिल्या अंड्यापासून उड्डाणापर्यंत तीन महिने लागतात. पावसापूर्वीची शाकारणी नेमकी त्यांत आली, तर माळ्याच्या त्या कोपऱ्याची कौले शेवटी उतरवावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडाला संरक्षण आहेच. पण माळ्यावर शिडी लावणारा हात आपल्याच घरातला असतो.