माटोळीखाली भरणारी शाळा

चवथ जवळ आली की मयेची मुले मोठ्यांबरोबर रानात जातात आणि माटोळीचे सामान घेऊन परततात. आंबाडे, कवंडळे, घागऱ्या, सुपारीची कातरे. गणपतीच्या डोक्यावरची ही लाकडी चौकट म्हणजे प्राथमिक शाळेचे निम्मे पाठ्यपुस्तकच आहे. ते वर्गात उघडायला पैसा लागत नाही.

प्रत्येक मुलाने एक फळ आणावे आणि आजी त्याला काय म्हणते ते चिठ्ठीवर लिहावे. शेजारी पुस्तकातले नाव असावे. घरी ‘आंबाडो’, पुस्तकात ‘आंबाडा’. दोन्ही शब्द मुलाचेच. घरच्या कोकणीला ‘अशुद्ध’ म्हणून खोडले की मूल गप्प बसते, मग मराठीही बोलत नाही. (कवंडळ तोंडात घालू नये, हेही चिठ्ठीवर लिहावे.)

माटोळी एका बाजूला का कलंडते? काठीच्या मधोमध दोरी बांधून ती टांगा. एकीकडे दहा बोटांवर सारख्या वजनाच्या दोन सुपाऱ्या आणि दुसरीकडे वीस बोटांवर एक. काठी सरळ राहते. आता तीन सुपाऱ्यांना एक कुठे बांधावी? उत्तर सांगू नये. मुलांना हाताने शोधू द्यावे. गुणाकार आणि तरफ एकाच तासाला कळतात.

विज्ञानाला मूर्तीची माती आहेच. काचेच्या बाटलीत थोडी माती आणि भरपूर पाणी घालून ढवळावे, रात्रभर ठेवावे. तळाशी खडे, मग वाळू आणि सर्वांत वर मऊ गाळ. मूर्तिकाराला चिकण माती का लागते, हे मुले स्वतःच सांगतात.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, गुजरातच्या सीमेजवळ, हेच केले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने घेतली.

आपल्याकडे मात्र ‘उपक्रम’ म्हणजे थर्माकोलचा देखावा, तोही वडिलांनी रात्री जागून केलेला! २०११ साली गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. पटसंख्येअभावी कित्येक सरकारी मराठी शाळांना टाळे लागले आहे. केवळ भाषेच्या अभिमानावर पालक मूल पाठवणार नाही, त्याने का पाठवावे? घरी येऊन मूल काठीला सुपाऱ्या बांधू लागले, तर तो थांबून बघेल.

विसर्जनानंतर फळे फेकू नका. बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात, जूनमध्ये कुंपणाशी लावाव्यात. कुठली किती दिवसांनी उगवली, ते चौथीच्या मुलांनी रोज फळ्यावर लिहावे.