जागच्या जागी : स्तनातील आरंभीच्या बदलांना नाव देण्याचा प्रवास

बायप्सीचा रिपोर्ट हाती आला की घरातल्या सगळ्यांचे डोळे आधी एकाच शब्दावर जातात : ‘कार्सिनोमा’. त्यापुढचे ‘इन सिटू’ हे दोन लॅटिन शब्द बहुतेकदा नीट वाचलेच जात नाहीत. त्यांचा अर्थ ‘जागच्या जागी’. म्हणजे पेशी बदलल्या आहेत, पण त्यांनी आपली जागा सोडलेली नाही. पहिला शब्द घाबरवतो, पुढचे दोन धीर देतात. ही ओढाताण नव्वद वर्षे चालू आहे. ती समजून घ्यायला हवी, कारण इथे नाव ठरते तसे उपचार ठरतात.

पडद्याच्या आत

स्तनात दूध तयार करणाऱ्या इवल्या खंडिका असतात आणि ते स्तनाग्रापर्यंत नेणाऱ्या नलिका असतात. दोन्हींना आतून पेशींचे अस्तर आणि त्याभोवती अतिशय पातळ पडदा असतो. अस्तरातल्या पेशी बेसुमार वाढल्या, त्यांची ठेवण बिघडली, तरी पडदा शाबूत असेपर्यंत त्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचत नाहीत. पडदा ओलांडला की आजार आक्रमक होतो. १९३२ साली मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी पडद्याआतल्या या अवस्थेचे वर्णन ‘कार्सिनोमा इन सिटू’ असे केले.

१९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले फूट आणि स्टुअर्ट यांनी खंडिकांमधल्या अशा बदलाला ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’ म्हटले. नावात कर्करोग होता, म्हणून पुढची कित्येक वर्षे संपूर्ण स्तन काढण्याचा सल्ला दिला जात राहिला. मग अशा स्त्रियांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले की बहुसंख्य स्त्रियांना पुढे कर्करोग होतच नाही, आणि झाला तर तो दुसऱ्या स्तनातही होऊ शकतो. म्हणजे ही खूण प्रामुख्याने वाढलेल्या जोखमीची होती. १९७८ मध्ये कुशमन हागेनसेन यांनी ‘लोब्युलर निओप्लेझिया’ हे सौम्य नाव सुचवले. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकी टप्पे-पद्धतीने तर हा प्रकार कर्करोगाच्या यादीतूनच वगळला. नावातला एक शब्द मागे घ्यायला सत्त्याहत्तर वर्षे लागली.

नलिकांची गोष्ट

नलिकांमधला प्रकार म्हणजे ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’, डीसीआयएस. मॅमोग्राफी येण्याआधी तो क्वचितच सापडे. तपासणीत चुन्याचे बारीक ठिपके दिसू लागले आणि आज पाश्चात्त्य देशांत नव्याने सापडणाऱ्या स्तनकर्करोगांत साधारण पाचातला एक हा असतो. जुने वर्गीकरण दिसण्यावर होते. मुरूम पिळल्यावर यावा तसा लगदा नलिकेतून निघाला तर ‘कोमेडो’, चाळणीसारखी भोके दिसली तर ‘क्रिब्रिफॉर्म’. १९९० च्या दशकात भर पेशीकेंद्रकाच्या ग्रेडवर आणि मृत पेशींवर आला, कारण पेशी पुढे कशा वागतील याचा अंदाज त्यांवरून अधिक चांगला येतो.

सीमारेषेवर

खरी कसोटी लागते ती साधी वाढ आणि डीसीआयएस यांच्या मधल्या पट्ट्यात. त्याला ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया’ म्हणतात. १९८५ मध्ये ड्यूपाँ आणि पेज यांनी दहा हजारांहून अधिक बायप्सींच्या आधारे दाखवले की अशा विकृत वाढीने कर्करोगाची जोखीम चार-पाच पटींनी वाढते. या पट्ट्याची हद्द मात्र दोन नलिका किंवा दोन मिलिमीटर अशा मापांवर आखलेली आहे.

१९९१ मध्ये हुआन रोसाई यांनी सीमारेषेवरचे सतरा नमुने पाच पॅथॉलॉजिस्टना दाखवले. एकाही नमुन्यावर पाचांचे एकमत झाले नाही. पुढच्या वर्षी श्निट आणि सहकाऱ्यांनी निकष आधी ठरवून घेतले, तेव्हा सहा जणांचे चोवीसपैकी चौदा नमुन्यांवर एकमत झाले. २०१५ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टचे निदान तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिले. आक्रमक कर्करोगात ते ९६ टक्के वेळा जुळले, डीसीआयएसमध्ये ८४ टक्के, आणि मधल्या पट्ट्यात फक्त ४८ टक्के. निसर्गात पायऱ्या नाहीत, उतार आहे. पायऱ्या आपण कोरतो.

म्हणूनच रोसाईंनी, आणि नंतर फत्ताने तवासोली यांनी, सगळ्या उताराला ‘इंट्राएपिथेलियल निओप्लेझिया’ असे एकच नाव देऊन क्रमांक लावावेत असे सुचवले. गर्भाशयमुखाच्या बाबतीत ही पद्धत रुळली होती. स्तनाच्या बाबतीत ती सर्वमान्य झाली नाही.

नाव बदलावे का?

थायरॉइडच्या एका पडद्याआतल्या गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्द २०१६ मध्ये काढला गेला. डीसीआयएसबाबतही २००९ पासून ही मागणी आहे. अमेरिकेतल्या कॉमेट चाचणीत कमी जोखमीच्या स्त्रियांपैकी काहींवर नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया केली, काहींवर फक्त लक्ष ठेवले. दोन वर्षांत आक्रमक कर्करोग अनुक्रमे ५.९ आणि ४.२ टक्के स्त्रियांत आढळला. धीर देणारे हे आकडे अवघ्या दोन वर्षांचे आहेत. शिवाय वरच्या ग्रेडचा डीसीआयएस अंगावर काढण्यासारखा नाही, आणि सुईने घेतलेल्या तुकड्याशेजारी आक्रमक भाग लपलेला असू शकतो. मला वाटते, संथ आणि उग्र अशा दोन्ही बदलांना एकच नाव लावणे हा मूळ दोष आहे. संथ प्रकाराच्या नावातला ‘कर्करोग’ काढावा, उग्र प्रकाराचा ठेवावा.

आपल्याकडे

भारतात सरसकट मॅमोग्राफी नाही. आपल्या बहुतेक बायका हाताला गाठ लागल्यावर, तीही उशिरा, दवाखान्यात येतात. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यावर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. आपली पहिली निकड तीच आहे. पण शहरांत मॅमोग्राफी वाढते आहे, आणि तिच्यासोबत ही अवघड नावेही घरात येत आहेत.

असा रिपोर्ट आला तर ग्रेड कोणता, पसारा किती, काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत का, हे विचारावे. निदान सीमारेषेवरचे असेल तर काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. आणि डॉक्टरांनीही ‘इन सिटू’चा अर्थ बाईला मराठीत, समोर बसवून सांगावा. पडदा शाबूत असेल तर विचार करायला काही दिवस मिळतात, आणि ते दिवस तिच्या हक्काचे आहेत.