‘सरल’पासून ‘शालार्थ’पर्यंत: शिक्षकांच्या पासवर्डची दहा वर्षं

भिवंडीतल्या शिक्षकांची संगणकाशी ओळख बरीच वर्षं एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रापुरती होती. २०१५मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘सरल’ प्रणाली आणली आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, पुढे आधार क्रमांक, सगळं ऑनलाइन भरायचं काम शिक्षकाच्या गळ्यात पडलं. त्याच सुमारास शेजारच्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजत होती. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणवून घेणं मानाचं झालं होतं. प्रशिक्षणं भरपूर झाली, पण ती माहिती कशी भरायची याची. ती कशी जपायची, हा विषय क्वचितच निघाला.

‘सरल’चा सर्व्हर दिवसा हमखास बसायचा, म्हणून रात्री जागून नोंदी व्हायच्या. मुख्याध्यापकांचं लॉगिन एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे जायचं, त्यालाही जमलं नाही तर थेट नेट कॅफेवाल्याकडे. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर. याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. पण मुदत उद्याची आणि शाळेत धड इंटरनेट नाही, अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?

भिवंडीत हे दुखणं जास्तच चिघळलं. यंत्रमागांवर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कुटुंबांची मुलं इथल्या मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू शाळांत बसतात. दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं, गावी गेलेला बाप फोन उचलत नाही. पुढे संचमान्यतेसाठी (शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार, हे ठरवताना) आधार पडताळणी झालेली मुलंच धरली जाऊ लागली. म्हणजे मुलाचं आधार जुळलं नाही तर शिक्षकाचं पद धोक्यात! मग ‘आधारचा फोटो टाका’ असे निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ लागले. फोटो सगळ्या ग्रुपला दिसायचे. कामापुरते घेतलेले हे फोटो नंतर कोणी पुसले असतील, असं वाटत नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आला. १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली, पुढच्या महिन्यात एनसीईआरटी आणि युनेस्कोने सुरक्षित ऑनलाइन शिक्षणाची पुस्तिका काढली. अनोळखी माणसाला वर्गात घेऊ नका, हा त्यातला सल्ला बरोबरच होता. पण घरात एकच फोन, तोही वडिलांचा. पडद्यावर मुलाच्या नावाऐवजी फोनच्या मॉडेलचं नाव. आपला विद्यार्थी कोण आणि आगंतुक कोण, हे बाईंनी ओळखायचं कसं?

शिक्षकांना सावध राहा म्हणून सांगणाऱ्या यंत्रणेचं पितळ जानेवारी २०२३मध्ये उघडं पडलं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप. त्याची माहिती साठवलेला सर्व्हर वर्षभराहून अधिक काळ उघडा होता. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन क्रमांक, ईमेल आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती, असं ‘वायर्ड’ने छापलं. इथे कोणत्याही शिक्षकाने ओटीपी सांगितला नव्हता की लिंक उघडली नव्हती.

२०२५मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडी प्रकरण आलं. ‘शालार्थ’ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली. अपात्र लोकांना शिक्षक दाखवून पगार काढल्याचा गुन्हा, अधिकाऱ्यांना अटक, विशेष तपास पथक. आयडी बनवायला दुसऱ्याचं लॉगिन वापरल्याचीही चर्चा झाली. दहा वर्षं शाळाशाळांत सवयीचं झालेलं उसनं लॉगिन किती महाग पडू शकतं, ते इथे दिसलं.

तरीही आजची बहुतेक सायबर जनजागृती ओटीपी, लॉटरी आणि एपीके फाइलपाशीच थांबते. तीही हवीच. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, हे प्रत्येक शिक्षकाला पाठ असलं पाहिजे. पण शाळेतला खरा ऐवज मुलांची माहिती आहे. ज्याला काम दिलं त्याला स्वतंत्र लॉगिन द्यायला शिक्षण विभागाला कोणी अडवलेलं नाही. तोवर मुख्याध्यापकांनी एवढं तरी करावं: आपलं लॉगिन कोणाकोणाकडे आहे याची यादी करावी, पासवर्ड बदलावा आणि सगळ्यांच्या फोनमधले आधारचे फोटो पुसायला लावावेत.