आधी जॅकेट, मग जेवण

आजी-आजोबा, मामा-मामी नि लहानग्यासह भूमध्य समुद्रात जहाजाची सफर! हौस जरूर करावी. पण चढताच जेवणाकडे धावू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली. ३२ जीव गेले. त्याच दिवशी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. बंधू-भगिनींनो, ती टाळू नका. बाळाच्या मापाचे जॅकेट मागून घ्या. सात आखूड नि एक लांब भोंगा म्हणजे धोका. तेव्हा बाळाला कोण उचलणार, आजीचा हात कोण धरणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.