संगणकाला थांबवा आणि विचारा

‘संगणकात तसंच दिसतंय’ हे वाक्य आपल्या लोकांना आता पाठ झाले आहे. रेशनचे दुकान असो, बँकेची खिडकी असो की पगाराचा कागद असो, हे वाक्य आले की बोलणे संपते. यंत्राने दिलेला आकडा बरोबरच असणार, अशी खिडकीच्या आत बसलेल्याची समजूत असते आणि बाहेर उभ्या असलेल्याचीही.

ही समजूत किती महाग पडते ते ब्रिटनमध्ये दिसले. तेथील पोस्टाच्या शाखांत १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा बसविण्यात आली. थोड्याच दिवसांत अनेक शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालविणारी साधी माणसे. ‘तूट भरून द्या, नाहीतर कोर्टात चला’ असे त्यांना सांगण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली गरोदरपणात तुरुंगात जावे लागले. पुढे २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने सांगितले, की होरायझनमध्येच दोष होते आणि त्यांमुळे हिशेब बिघडू शकत होते. सीमाबाईंची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. या माणसांना पडद्यावरचा आकडा दिसत होता, पण तो आत कसा तयार झाला हे पाहण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती.

आत पाहण्याची सोय असते, हे आम्हांला येथे सांगायचे आहे. तिला डिबगर म्हणतात. प्रोग्राममधील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात, म्हणून तो शोधण्यास मदत करणारा तो डिबगर. (९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या एका संगणकात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शब्द मात्र त्याहून जुना आहे; एडिसनही तो वापरीत असे.)

डिबगर अनेक आहेत. आम्ही ‘जीडीबी’विषयी लिहितो, कारण तो मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला. प्रोग्राम कसा चालतो हे पाहण्याचा आणि तो बदलण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातला हा डिबगर. लिनक्सवर तो सहज बसविता येतो. घरी संगणक नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप घेऊनही शिकता येते. फक्त लहान पडद्यावर डोळ्यांना त्रास होतो.

जीडीबीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळा पडदा आणि त्यावर आपण टाइप करायचे शब्द, एवढेच. मुले हे पाहून घाबरतात. घाबरण्यासारखे काही नाही, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, आपल्या मुलीने सी भाषेत सहा दिवसांच्या मजुरीची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. रोजचे ५०० रुपये, म्हणजे आठवड्याचे ३,००० व्हायला हवेत. प्रोग्राम मात्र ३५,७६७ दाखवतो! क्लासमध्ये असे झाले की बहुधा सर बरोबर प्रोग्राम फळ्यावर लिहून देतात आणि मुले तो उतरवून घेतात. आमच्या मते येथेच शिक्षण थांबते. फळा पुसला की पुढच्या चुकीपाशी मुलगी पुन्हा एकटीच असते.

त्याऐवजी तिने प्रोग्राम कंपाइल करताना उणे चिन्हापुढे ‘जी’ अक्षर जोडावे. त्यामुळे ओळींचे क्रमांक आणि नावे डिबगरला कळतात. मग जीडीबीत प्रोग्राम उघडून ‘ब्रेक मेन’ असे टाइप करावे (अर्थात इंग्रजी अक्षरांत), म्हणजे ‘मेन’ या भागाशी आलास की थांब. मग ‘रन’. प्रोग्राम सुरू होतो आणि पहिल्याच ओळीशी थांबतो. ‘नेक्स्ट’ म्हटले की एक ओळ पुढे सरकतो. दर वेळी शब्द लिहिण्याची गरज नाही. नुसते एंटर दाबले तरी मागचीच आज्ञा पुन्हा चालते. वाटेत ‘प्रिंट’ लिहून पुढे बेरजेच्या खणाचे नाव द्यावे. ५००, १,०००, १,५०० असे आकडे वाढताना दिसतात. ३,००० झाले. आता थांबायला हवे. पण प्रोग्राम थांबत नाही, आणखी एक फेरी मारतो! सातव्या खणात काय आहे असे विचारले तर ३२,७६७ हा आकडा येतो. तो कोणाची मजुरी नाही. स्मृतीत आधीपासून पडलेला कचरा आहे. सी भाषेत खण शून्यापासून मोजतात, म्हणून सहा खण शून्य ते पाच असे असतात. मुलीने ‘सहापेक्षा कमी’ऐवजी ‘सहा किंवा कमी’ लिहिले होते. एका बरोबरच्या चिन्हाने ही मजुरी फुगवली. सी भाषा अशा वेळी आपण होऊन तक्रार करीलच असे नाही.

चालता प्रोग्राम थांबतो कसा, हाही प्रश्न मुले विचारतील. नेहमीच्या इंटेल जातीच्या संगणकावर जीडीबी त्या जागेवरच्या सूचनेचा पहिला बाइट काढून ठेवतो आणि तेथे ‘थांब’ अशा अर्थाचा एक बाइट बसवतो. प्रोग्राम तेथे अडखळला की लिनक्स जीडीबीला कळवते. पुढे जाताना मूळ बाइट पुन्हा जागेवर येतो.

‘वॉच’ ही आज्ञा आम्हांला विशेष आवडते. एखाद्या खणावर वॉच लावला की त्यातला आकडा बदलताक्षणी प्रोग्राम थांबतो. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी सोय ज्यांनी गिरणीत पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. हिशेबाचा आकडा कोणत्या ओळीने बदलला हे सापडत नसेल, तर ही आज्ञा तासांचे काम मिनिटांवर आणते.

आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर? तेव्हा ‘बॅकट्रेस’. कोणत्या भागाने कोणाला बोलावले, त्याने पुढे कोणाला, अशी साखळी ती दाखवते. कोसळलेली जागा सर्वांत वर. मुलांनी ती वरून खाली वाचावी आणि आपण लिहिलेल्या ज्या ओळीचे नाव पहिल्यांदा येईल तेथून शोध सुरू करावा. त्या ओळीत चूक असेलच असे नाही. कित्येकदा चुकीचा आकडा फार आधी तयार झालेला असतो आणि येथे फक्त उघडा पडतो. मग त्याच आकड्यावर वॉच लावून पुन्हा ‘रन’ म्हणावे.