१८६५चा सट्टा आणि वऱ्हाडचा कापूस

नागपुरातील प्रताप नगरच्या चौकात सायंकाळचा फेरफटका आटोपून रेंगाळणाऱ्या निवृत्त मंडळींच्या बोलण्याचा विषय गेल्या वीसपंचवीस वर्षांत वारंवार पालटला. विमानतळापलीकडे मिहान प्रकल्प येणार अशी वार्ता पसरली तेव्हा तो वर्धा मार्गावरील ले-आउटांचा, इसारपत्रांचा आणि रजिस्ट्रीचा होता, आज तो डिमॅट खात्याचा आहे. परंतु ‘अमक्याचे दुप्पट झाले’ हे वाक्य मात्र या सर्व स्थित्यंतरांत अबाधित राहिले. हे वाक्य पुष्कळदा खरेही असते, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. बाजारातील भाव अवास्तव फुगतात ते कोणा ठकसेनाच्या लबाडीने, असा आपला सोयीस्कर समज असतो. वस्तुतः अशा तेजीच्या मुळाशी बहुधा एखादे निखळ सत्य असते, आणि म्हणूनच हिशेबी, शहाणीसुरती माणसे तीत सापडतात. याचा मासला पाहण्यासाठी हॉलंडातील ट्यूलिपच्या कंदांपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. ज्या तेजीने मुंबईला वेड लावले, तिच्यात आपल्या वऱ्हाड-नागपूरकडील कापसाचाही वाटा होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला. ती तूट भरून काढण्यासाठी इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली; हिंगणघाटी कापसाचे नाव त्यांच्या परिचयाचे होतेच. नागपुरास आगगाडी पोहोचली ती १८६७ साली; तोपर्यंत इकडच्या गाठी रेल्वेचे टोक गाठण्यासाठी बैलगाड्यांनी मजल दरमजल करीत निघत. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या कथा अद्याप सांगितल्या जातात. मागणी खरी होती, भाव खरा होता, आणि बंदरात उतरणारे सोनेचांदीही खरेच होते.

एवढा पैसा कापसात सामावेना, तेव्हा त्याने दुसऱ्या वाटा शोधल्या. पेढ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या मंडळ्या निघाल्या. त्यांतली बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत दिमाखाची. तिचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांवर गेला. मुंबई बेट अरुंद आहे, तेव्हा नव्या जमिनीला मोल येईल, हा तर्क मुळीच चुकीचा नव्हता. पुढे त्या किनाऱ्यावर भराव पडला आणि त्या जमिनीला सोन्याचे मोलही आले. चुकला तो काळाचा आणि किमतीचा अंदाज.

या आगीत तेल ओतले ते कर्जाने. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली सनद मिळालेली, सरकारचे भागभांडवल असलेली प्रतिष्ठित संस्था. १८६३च्या कायद्याने तिला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. मग शेअर गहाण टाकून रक्कम उचलावी, त्या रकमेने आणखी शेअर घ्यावेत, खरेदीमुळे भाव चढावा, चढलेल्या भावाने तारणाचे मोल वाढावे आणि वाढलेल्या तारणावर पुन्हा कर्ज मिळावे, असे चक्र सुरू झाले. आणि सुरतेहून आलेले विख्यात दलाल प्रेमचंद रायचंद यांचा त्या बँकेत असा दबदबा होता की त्यांचा शब्द हेच पुष्कळदा पुरेसे तारण ठरे. शिवाय वायद्याचे व्यवहार होते: आज सौदा करायचा, पैसा मुदतीला द्यायचा.

युद्ध कधीतरी संपणार हे कोणास ठाऊक नव्हते? सर्वांस ठाऊक होते. पण ते संपण्यापूर्वी आपण आपला माल दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होऊ, असा प्रत्येकाचा हिशेब होता, आणि तो दुसराही हाच हिशेब मांडून बसला होता. बुद्धिमत्ता येथे कामास येत नाही. १७२० साली साऊथ सी कंपनीच्या तेजीत ग्रहगोलांच्या गतीचे गणित मांडणाऱ्या न्यूटनने वेळीच नफा घेऊन शेअर विकले होते; परंतु भाव चढतच राहिले आणि इतरांची प्राप्ती होत असताना आपण काठावर उभे आहोत हे त्याला सोसवले नाही; तो पुन्हा शिरला आणि फार मोठी रक्कम गमावून बसला. तोट्याच्या भयापेक्षा शेजाऱ्याच्या नफ्याचा सल अधिक बोचतो, हे वर्धा मार्गावर सातबारा न पाहता इसार देणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

१८६५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सैन्याचा जनरल ली शरण गेला. कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणे सर्वांकडे व पैसा कोणाकडेच नाही, अशी अवस्था झाली. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच बुडाली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चौकशी बसली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मात्र तेजीच्या भरात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई मनोरा उभा राहिला. एवढ्या पैशाचे इतके टिकाऊ चीज क्वचितच होते.

या पडझडीत नसरवानजी टाटांची पेढीही सापडली. त्यांचे चिरंजीव जमशेटजी तेव्हा विलायतेत होते. सावकारांपुढे त्यांनी सरळ हिशेब ठेवला, आणि त्यांच्या सचोटीवर विश्वासून सावकारांनी व्यवहार मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. याच जमशेटजींनी पुढे गिरणीसाठी मुंबई सोडून कापसाच्या पट्ट्यातले नागपूर पसंत केले. १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली, जुम्मा तलावाजवळची दलदलीची सखल जागा घेऊन भराव टाकण्यात आला आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाच्या घोषणेदिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. तेजीत जसा विश्वास आंधळा, तसा एरवी संशय. भांडवलासाठी गाठलेल्या येथल्या एका मारवाडी सावकाराने, हा गृहस्थ सोने जमिनीत पुरतो आहे, असे म्हणून पैसा देण्याचे साफ नाकारले. पुढे गिरणीचा नफा दिसू लागल्यावर त्यानेच कबुली दिली, की टाटांनी जमिनीत घातली ती माती, आणि काढले ते सोने.