जनुक कुणाच्या जातीचे?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर आतड्यातच असेल तर शस्त्रक्रियेने गाठ काढता येते आणि माणूस बहुधा वाचतो. माणूस दगावतो तो मुख्यतः गाठ यकृतात, फुफ्फुसात पसरल्यावर. म्हणून कुणाची गाठ पसरणार हे आधी कळणे म्हणजे अर्धी लढाई.

२००९ साली जर्मनीतील बर्लिन येथे उल्रिके श्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लढाईतले एक हत्यार शोधून काढले. मॅक-वन नावाचे जनुक! ज्या गाठीत हे जनुक जोरात काम करते, ती गाठ पुढे पसरण्याचा धोका फार मोठा असतो. हे जनुक मेट नावाच्या दुसऱ्या जनुकाला जागे करते. मग पेशी वाढीचे संदेश भराभर पकडतात, आपली जागा सोडतात आणि दूरच्या अवयवात जाऊन ठाण मांडतात. २०२२ साली याच गटाने सांगितले की, कोलेस्टेरॉलसाठी देतात त्या स्टॅटिन गोळ्या मॅक-वनला आवर घालतात आणि उंदरांमध्ये कॅन्सरचा फैलाव कमी होतो. गोळ्या जुन्या आणि स्वस्त, म्हणून आम्हाला या बातमीचे अधिक मोल वाटते. (उंदरात साधले ते माणसात साधेलच असे नाही. कुणीही आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत.)

पण जनुक म्हटले की लोक लगेच म्हणतात, त्याच्या रक्तातच होते! हे साफ चूक आहे. मॅक-वन जनुक सर्वांच्याच शरीरात असते. प्रश्न आहे तो गाठीत ते किती जोर करते याचा. आईबापांकडून आलेल्या दोषामुळे होणारा आतड्याचा कॅन्सर असतो, नाही असे नाही, परंतु तो थोड्यांना. पूर्वजन्मीचे पाप सांगून ज्यांना हजारो वर्षे गप्प बसवले, त्यांनी आता जनुकाच्या नावाने तेच नशीब पुन्हा का स्वीकारावे?

अमेरिकेतील काळ्या बांधवांचे उदाहरण पाहा. तेथे गोऱ्यांपेक्षा काळे लोक या रोगाने अधिक प्रमाणात मरतात. हा त्यांच्या वंशाचाच दोष, असे म्हणणे व्यवस्थेला सोयीचे असते. डेलावेअर या छोट्या राज्याने मात्र २००२ पासून वेगळा मार्ग धरला. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सर्वांना खुली केली. ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांच्या तपासणीचा आणि उपचाराचा खर्च सरकारने उचलला. लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत नेणाऱ्या परिचारिका नेमल्या.

सुरुवातीला तपासणी झालेल्या काळ्यांचे प्रमाण शंभरात ४८ होते, गोऱ्यांचे ५८. २००९ पर्यंत दोघांचेही ७४ झाले. काळ्यांमधील या रोगाचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी उतरला आणि गोऱ्यांच्या जवळ येऊन ठेपला. आठ वर्षांत कुणाची जनुके बदलली? कुणाचीच नाही. आधी शंभर काळ्या रोग्यांपैकी ७९ जणांचा कॅन्सर आतड्याबाहेर पसरल्यावरच सापडत असे. नंतर हा आकडा ४० वर आला.